वरची बाजू

हिलेल थळकरांना बर्फ कापता येत असे. त्यापलीकडे आपल्याला फारसं काही येत नाही असं त्यांचं स्वतःविषयी मत होतं, आणि कुणी ते खोडून काढायला गेलं तर ते संकोचून विषय बदलत.

मुंबईत असताना माझगावच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी नऊ वर्षं काढली होती. लाद्या साच्यातून सोडवायच्या, करवतीनं कापायच्या, भुसा लावून गोणपाटात गुंडाळायच्या आणि मासळीवाल्यांच्या गाड्यांवर चढवायच्या. १९६३ साली त्यांच्या बायकोला, शुलामीथला, एडिनबराच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तिच्या पाठोपाठ दोन वर्षांच्या मुलाला, बेंजामिनला, कडेवर घेऊन हिलेलही आले. अलिबागकडची, घरात मराठी बोलणारी ज्यू माणसं त्या शहरात दुसरी नव्हती. सिनेगॉगमधले लोक स्वभावानं चांगले होते, पण पहिली दोन वर्षं ते थळकरांना इराणी समजत राहिले, आणि हिलेलना ते दुरुस्त करायचा धीर झाला नाही.

काही वर्षं बिस्किटांच्या फॅक्टरीत गेली. मग ध्रुवीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात आली. त्यांना थंड खोलीत काम करणारा माणूस हवा होता. मुलाखतीत प्रोफेसरांनी विचारलं, बर्फाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? हिलेल म्हणाले, "सर, तो कुठून तडकणार ते करवत लावायच्या आधी हाताला कळतं." एवढं मोठं वाक्य आपण बोलून गेलो याची त्यांना पुढे आठवडाभर लाज वाटली. नोकरी मात्र लागली.

ती खोली उणे वीस अंशांवर ठेवलेली असे. दक्षिण ध्रुवाकडे पडलेला बर्फ वितळत नाही. वर्षावर वर्ष साचत जातं, दाबलं जातं, आणि खालचा बर्फ वरच्यापेक्षा जुना होत जातो. तिथे पोकळ नळीच्या ड्रिलनं खोल भोक पाडून मनगटाएवढ्या जाडीचे दांडे बाहेर काढत. एकेक तुकडा हातभर लांब. तो पॉलिथिनच्या पिशवीत घालून, पेटीत भरून बोटीनं स्कॉटलंडपर्यंत येई. हिलेल तो उभा चिरत. अर्धा भाग तपासायला जाई आणि अर्धा जपून ठेवला जाई. त्यातल्या आम्लावरून, धुळीवरून, अडकलेल्या हवेवरून शेकडो वर्षांपूर्वी थंडी किती होती, कुठे ज्वालामुखी फुटला होता, हे शास्त्रज्ञ सांगत.

हे सगळं एका बाणावर अवलंबून असे. तुकडा बाहेर आला की ड्रिल चालवणारा माणूस तिथल्या तिथे त्याच्यावर पेनानं बाण काढी. बाणाचं टोक वर, म्हणजे आजच्या दिशेला. शेपूट खाली, जुन्या काळाकडे. बाण चुकला तर तेवढी वर्षं उलटी वाचली जात. म्हणून खोलीचा एकच मोठा नियम होता. जागेवर काढलेल्या बाणाला हात लावायचा नाही. शंका आली तर रजिस्टरमध्ये लिहायचं आणि डॉक्टर आयलीन मॅक्रे यांना बोलवायचं. आयलीन या विभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्या म्हणत की रजिस्टर आणि मिस्टर थळकर यांच्यात तफावत निघाली तर मी मिस्टर थळकरांवर विश्वास ठेवीन.

बेंजामिनला घरात बेनी म्हणत. तो उंच, हसरा आणि धांदरट होता. लहानपणी बूट उलटसुलट पायांत घालून शाळेला निघायचा. पत्रं तिकीट न लावता पेटीत टाकायचा. मराठी समजायचं सगळं, पण बोलताना त्याच्या तोंडी जगातली प्रत्येक वस्तू बाईच होती. "पप्पा, माझी दप्तर कुठे गेली?" शुलामीथ हसायची. हिलेल दुरुस्त करायचे. त्यांचं सारं बापपण असंच दुरुस्त करण्यात गेलं, आणि ते प्रेमानंच करत होते, यात शंका नाही.

बेनी एकोणीस वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात त्यानं थंड खोलीत वडिलांच्या हाताखाली काम केलं. तिसऱ्याच दिवशी त्यानं तीन तुकडे मांडणीवर उलटे ठेवले. हिलेलनी सगळ्यांसमोर ते त्याच्या हातातून काढून घेतले, फिरवले आणि म्हणाले, "याचं लक्ष नसतं." इंग्रजीत म्हणाले, म्हणजे सगळ्यांना कळलं. बेनीचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तो कुठलाही तुकडा ठेवला की वडिलांकडे बघून म्हणायचा, "पप्पा, दोनदा बघितली."

बेनीला त्या बर्फाचं वेडच लागलं. त्यानं इंजिनीअरिंग केलं, ड्रिल चालवायला शिकला, आणि १९८६ च्या ऑक्टोबरात संस्थेच्या तुकडीबरोबर दक्षिणेला निघाला. वेव्हर्ली स्टेशनवर शुलामीथनं त्याच्या हातात हलव्याचा डबा दिला, त्याच्या कपाळाला हात लावून आशीर्वाद म्हटला. गाडी हलायच्या बेतात असताना हिलेलना बरंच काही सांगावंसं वाटत होतं. ते म्हणाले, "बाण नीट काढ."

"काढतो, पप्पा," बेनी हसून म्हणाला. "तुम्ही बसा तिकडे माझ्या चुका शोधत."

जानेवारीत संस्थेच्या संचालकांचा फोन आला. चौघांची छावणी होती. बेनी सकाळी स्नो-स्कूटरवरून तेलाचे डबे ठेवलेल्या जागेकडे निघाला होता. वाटेतल्या बर्फाला भेग होती आणि तिच्यावर ताज्या बर्फाचा पापुद्रा धरलेला होता. तो वाहनासकट आत गेला. तीन दिवस दोर सोडून पाहिले. तळ लागला नाही.

शुलामीथ रडली नाही. तिनं विचारलं, "मग अजून शोधतायत ना?"

त्यांच्या धर्मात माणूस गेला की घरच्यांनी सात दिवस जमिनीवर बसायचं असतं. अंगातल्या कपड्याचा गळा फाडायचा, दिवा लावायचा, आणि लोकांनी भेटायला यायचं. पण हे दफनानंतर. जिथे दफन करायला काही मिळत नाही तिथे काय करायचं ते सिनेगॉगच्या धर्मगुरूंनी, राबायनी, सांगितलं. देह मिळण्याची आशा घरच्यांनी सोडली, की त्या दिवसापासून सात मोजायचे.

"मी नाही सोडलेली," शुलामीथ म्हणाली.

"अगं, पण शुलू..."

"तुम्हीच म्हणत आलात ना, तिथे काही नासत नाही म्हणून? मग मिळेल कधीतरी. मिळाला की बसू."

आपण बर्फाबद्दल घरात इतकं बोलायला नको होतं असं हिलेलना वाटलं.

जूनमध्ये बोट आली. तिच्यातून दोन गोष्टी आल्या. बेनीनं काढलेल्या बर्फाच्या पेट्या संस्थेत गेल्या. त्याच्या सामानाची दोरीनं बांधलेली प्लायवुडची पेटी घरी आली. शुलामीथनं ती जिन्यावरून ओढत वर नेली, त्याच्या खोलीत पलंगाखाली सरकवली आणि सांगितलं की बेनीची वस्तू बेनीच उघडेल. त्याच्या खिशातली टिपणवही त्या पेटीत असावी, ती मिळाली तर बरं, असं आयलीनबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शुलामीथनं चहा दिला आणि नाही म्हटलं. ऑक्टोबरात कौन्सिलचा मतदारयादीचा फॉर्म आला, तर त्यात तिनं नेहमीप्रमाणे तीन नावं लिहिली.

बेनीच्या पेट्या दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ, असं आयलीनबाई म्हणाल्या होत्या. हिलेलनी नको म्हटलं. सप्टेंबरभर ते बेनीचे तुकडे चिरत होते. प्रत्येक पिशवीवर त्याचे तिरके आकडे होते. चारचा आकडा काढताना त्याची रेघ वर निसटायची. खोलीत तासाभरापेक्षा जास्त थांबायचं नाही असा दंडक होता. हिलेल दीड-दीड तास थांबत.

एकशे त्रेचाळीस हा शेवटून दुसरा तुकडा. अपघाताच्या आदल्या दिवशी काढलेला. त्या दिवशी बेनीचा जोडीदार तापानं तंबूत पडून होता आणि बेनी एकटाच ड्रिलवर होता, एवढं हिलेलना माहीत होतं. त्यांनी तुकडा दिव्याखाली धरला.

ड्रिलच्या नळीच्या तोंडाशी आतून दात असतात. नळी वर ओढली की ते दात बर्फात रुततात आणि दांडा तळाशी मोडून बाहेर येतो. म्हणून दातांचे ओरखडे नेहमी तुकड्याच्या खालच्या टोकाला. या तुकड्यावर ओरखडे बाणाच्या टोकाकडे, वरच्या बाजूला होते. दोन्ही टोकं झिजलेली होती, त्यामुळे वरच्या-खालच्या तुकड्यांशी जुळवूनही पाहता येईना.

उलटा. शेवटच्या दिवशी, एकटा असताना, पोरानं बाण उलटा काढला.

रजिस्टर समोर होतं. पेन्सिल दोरीला बांधलेली होती. नियमाप्रमाणे तिथे लिहायचं आणि बाईंना बोलवायचं. मग त्या येणार, विभागातले इतर दोघे येणार, तुकडा पाहणार, मान हलवणार. वाईट कुणी बोलणार नाही. सगळे दयेनंच बघतील. हिलेलना एकोणीस वर्षांचा बेनी आठवला, लाल झालेल्या कानांचा.

त्यांनी खरवडणी घेतली. तुकड्याचा वरचा थर तसाही स्वच्छतेसाठी खरवडावा लागे. बेनीचा बाण खरवडला गेला, ओरखडेही गेले. मग त्यांनी तुकडा फिरवला, नवा बाण काढला आणि करवत सुरू केली. रजिस्टरमध्ये लिहिलं, तुकडा १४३, ठीक. पिशवी मात्र त्यांना टाकवेना. घडी करून ती त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घातली. त्या संध्याकाळी बसमधून घरी जाताना, गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आपण मुलासाठी काहीतरी केलं असं त्यांना वाटत होतं.

तपासणीचे निकाल यायला दीड वर्ष गेलं. १९८९ च्या फेब्रुवारीत आयलीनबाईंनी त्यांना वर बोलावलं, बसायला सांगितलं आणि टेबलावर आलेखाचा लांब कागद पसरला.

"मिस्टर थळकर, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. हा बघा, १८१५ साली इंडोनेशियात ज्वालामुखी फुटला, त्याचं आम्ल. ते एकाएकी वाढतं आणि मग वर्ष-दोन वर्षं हळूहळू ओसरतं. जगातल्या कुठल्याही बर्फात ते असंच दिसतं. इथे ते हळूहळू वाढतंय आणि एकाएकी बंद पडतंय."

हिलेलनी कागदाच्या कडेचा आकडा वाचला. एकशे त्रेचाळीस.

"तुकडा उलटा आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाण चुकीचा काढला गेला. एकटा होता तो, थंडी होती, कुणाच्याही हातून होईल. पण एक चुकलाय म्हटल्यावर त्या आठवड्यातल्या बाकीच्या तुकड्यांवर मला भिस्त ठेवता येत नाही. शेवटचे एकतीस बाजूला ठेवावे लागतील. लेखात तशी तळटीप द्यावी लागेल. बेनीचं नाव घालणार नाही मी. पण ड्रिलवर कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

हिलेलच्या कानांत खोलीतल्या यंत्रासारखी घरघर सुरू झाली. त्यांनी फिरवला होता, म्हणून उलटा निघाला. म्हणजे बेनीचा बाण बरोबर होता. हे समजायला गणित लागत नव्हतं. गप्प राहिलं असतं तर कुणालाही कधीच कळलं नसतं. एकोणीस वर्षांची नोकरी होती, निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि या इमारतीखेरीज आपल्याला कुठे किंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"डॉक्टर, तो मी फिरवला," ते म्हणाले.

"काय फिरवलंत?"

"तुकडा. बाण बरोबर होता. मला उलटा वाटला. मी खरवडून नवा काढला."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? मला न विचारता?"

"हो."

"रजिस्टरमध्ये काही नाही."

"लिहिलं नाही."

"का वाटला उलटा?"

"दातांचे ओरखडे वरच्या टोकाला होते."

"वरच्या टोकाला कसे असतील? तसं होतच नाही, हे तुम्हीच नव्या मुलांना शिकवता." त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "मिस्टर थळकर, मला मुलगा असता तर मीही हेच केलं असतं. पण असं करून चालणार नाही."

बाईंचा विश्वासच बसला नव्हता; मुलावरचा ठपका ते स्वतःवर घेताहेत असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी हिलेलनी पिशवी नेऊन दाखवली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, वरचे तिरके आकडे वाचले आणि तशीच परत केली. पिशवीवर बाण आहे, पण तुकडा आत कसा होता हे पिशवी कशी सांगणार? म्हणाल्या, तुम्ही काही दिवस घरी राहा. लेख महिनाअखेरीला जायचा आहे. मग निघता निघता जिन्यात थांबून म्हणाल्या, "त्याची वही असती तर काही सांगता आलं असतं."

रविवारी दुपारी शुलामीथ स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. हिलेल दाराशी उभे राहिले. बोलायचं ते त्यांनी सकाळपासून तीनदा मनात मांडलं होतं आणि तिन्ही वेळा मोडलं होतं.

"शुलू, ती पेटी उघडायला हवी."

तिचा हात थांबला नाही. "कुठली?"

"बेनीची."

"तुमच्या त्या बाई परत मागतायत वाटतं."

"मी मागतोय. ते म्हणतायत बेनीनं चूक केली. त्याचे एकतीस तुकडे टाकून देणार आहेत. त्यानं चूक केलेली नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं. त्यांना खरं वाटत नाही. वहीत असेल तर असेल."

"आणि नसलं तर?"

"तर पेटी पुन्हा बांधीन."

आता तिनं विळी बाजूला केली. "बांधून तशी होते का ती? अहो, तुम्हाला कळतंय का काय मागताय ते? त्याची पेटी मी उघडली म्हणजे तो उघडणार नाही हे मी म्हटलं."

"कळतंय," हिलेल म्हणाले. "तू नको म्हटलंस तर नको."

ती पदराला हात पुसत राहिली. अजून ती घरात नऊवारीच नेसायची, वर स्वेटर. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली. बाकी काही उरलंय त्याचं तिकडे?"

"तेवढे तुकडेच."

"कात्री घ्या," ती म्हणाली. "दोरीची गाठ मला सुटायची नाही."

पेटीत वर लोकरीचे मोजे होते, धुवून घड्या घातलेले. त्या घड्या बेनीच्या हातच्या नसणार, छावणीतल्या कुणीतरी घातल्या असाव्यात. मग दाढीचं सामान. हलव्याचा डबा, रिकामा, घासलेला. शुलामीथनं तो मांडीवर ठेवला आणि झाकण लावत-काढत राहिली. तळाशी, एका टोपीत गुंडाळलेली, निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

हिलेलनी खिडकीपाशी जाऊन शेवटची पानं उघडली. इंग्रजीत भराभर लिहिलेलं होतं. एकशे त्रेचाळीस. दांडा खाली आपोआप मोडला आणि नळीतून निसटून भोकातच राहिला. दुसऱ्या खेपेला नळी त्याच्या वरच्या चार बोटांवरच बसली. दात तिथेच रुतले. तसाच वर आणला. दोन्ही टोकं झिजली. बाण तपासला.

त्याखाली एक ओळ होती. अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी. बेनीला मराठी लिहिता येत नसे.

पप्पांना लेटरमध्ये सांगायची. दात वर आहे म्हणून उलटी वाटेल. उलटी नाही. दोनदा बघितली.

हिलेलना खुर्ची सापडेना. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"काय लिहिलंय?" शुलामीथनं विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. "म्हणजे काय?"

मग त्यांना सांगावं लागलं. सप्टेंबरातली ती दुपार, ओरखडे, खरवडणी, बसमधून येतानाचं ते समाधान, सगळं. इतकं सलग ते तिच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. सांगून झालं तरी ती डब्याकडेच बघत होती.

"बूट उलटे घालायचा तो लहानपणी," ती अखेर म्हणाली. "तुम्ही न बघताच काढायला लावायचात."

"हो."

"कधीकधी बरोबर घातलेले असायचे."

हिलेलनी मान वर केली. "मग तू बोलली का नाहीस?"

"तो म्हणायचा, आई, नको सांगू. पप्पांना बरं वाटतं."

खाली रस्त्यावर शेजारचा माणूस गाडी धूत होता. पाण्याचा आवाज येत होता. शुलामीथ उठली. दोरी कापलेली कात्री तिनं उचलली आणि हिलेलच्या सदऱ्याच्या गळ्याला डाव्या बाजूनं, काळजावर, बोटभर चीर दिली. मग कात्री त्यांच्या हातात दिली आणि आपल्या स्वेटरचा गळा पुढे केला. लोकर नीट कापली जाईना.

"ओढा," ती म्हणाली. "हातानं ओढा."

मग ती बेनीच्या खोलीतल्या सतरंजीवर, पलंगाला पाठ लावून, पाय दुमडून बसली आणि तेव्हा रडली. हिलेल तिच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आजपासून मोजा."

चौथ्या दिवशी आयलीनबाई आल्या. सिनेगॉगमधली पाच-सहा माणसं खुर्च्यांवर होती आणि घरचे दोघं खाली. बाईंना रीत माहीत नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला लांब कोट आवरत त्याही खाली बसल्या. हिलेलनी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पान वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"ही खालची ओळ?" त्यांनी विचारलं.

शुलामीथनंच इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतोय, त्यानं दोनदा पाहिलं होतं."

एकतीस तुकडे लेखात राहिले. तळटीपही राहिली, पण ती वेगळी. तुकडा १४३ ची दिशा प्रयोगशाळेत चुकीनं बदलली गेली होती, जागेवरची खूण अचूक होती. आपलं नाव घाला असं हिलेलनी सांगितलं होतं, बाईंनी ते घातलं नाही. रजिस्टरमध्ये मात्र हिलेलनी स्वतःच्या हातानं नोंद केली. दीड वर्षापूर्वीच्या 'ठीक'वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, बाण बरोबर होता. फिरवला तो मी. हि. थळकर. नोकरी कुणी काढून घेतली नाही. पण करवत त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. उरलेली चार वर्षं ते पिशव्या धुऊन वाळवायचं आणि पेट्यांवर लेबलं चिकटवायचं काम करत राहिले. तरणी मुलं अजूनही शंका विचारायला येत. ते म्हणत, बाईंना विचारा.

त्या ऑक्टोबरात कौन्सिलचा फॉर्म आला. शुलामीथनं जेवणाच्या टेबलावर बसून तो भरला. हिलेल समोर पेपर धरून बसले होते. पेन कागदावर दोनदा थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. मग तिनं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"बघा बरं, बरोबर आहे का."

हिलेलचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"तू लिहिलंयस ना," ते म्हणाले. "दे, टाकून येतो."

त्यांनी फॉर्म न बघता लिफाफ्यात घातला, कोट चढवला आणि ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीकडे चालत गेले. पेटीपाशी तिकीट लावलंय ना एवढं मात्र त्यांनी पाहिलं. लिफाफ्यावर छापलं होतं, तिकिटाची गरज नाही. बेनीची बिनतिकिटाची पत्रं आठवून ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.